नाताळच्या उपासनेला निम्म्याच जागा, यादी कशी करायची?

कळव्याची चिटणीस
१ डिसेंबर २०२१

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

कळव्यातल्या एका छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीची मी चिटणीस. परवाच्या रविवारी आगमनकाळाची, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांतली, पहिली मेणबत्ती लावली आणि तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे.

आमच्याकडे बाकं मोजून १४० माणसं बसतात. करोनामुळे बंदिस्त जागेत निम्म्या क्षमतेचा नियम, म्हणजे ७०. हजेरीच्या वहीत ९४ कुटुंबं आहेत. शिवाय नाताळला नगरहून, जालन्याहून पाहुणे आलेले असतात, एरवी न दिसणारी मुलं-सुना येतात, दरवर्षी दारात मांडव घालून खुर्च्या टाकाव्या लागतात. यंदा ७० जागा कोणाला द्यायच्या आणि कोणाला नाही म्हणायचं? ज्या मंडळ्यांनी हे निभावलंय त्यांनी यादी कशी केली, तेवढं कृपया सविस्तर सांगा.

विचारतेय त्यामागे गेल्या वर्षीची एक गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय माझा प्रश्न कळायचा नाही.

गेल्या वर्षी १६ नोव्हेंबरला, पाडव्याला, धर्मस्थळं उघडली. आम्ही हुरूपाने नाताळची तयारी सुरू केली आणि २२ डिसेंबरपासून महापालिकांच्या हद्दीत रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी लागली. पाठोपाठ परिपत्रक आलं: मध्यरात्रीची उपासना संध्याकाळी ७ किंवा त्याआधी घ्या, आत ५० च माणसं, ६० वर्षांवरच्यांनी आणि १० वर्षांखालच्या मुलांनी घरीच थांबावं. हातात दिवस होता एक. मी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फॉर्म टाकला, जो आधी भरेल त्याला जागा. चाळीस मिनिटांत ५० नावं भरली. मला तेव्हा वाटलं, चला, वाद न होता काम झालं.

मुंब्र्याला आमच्या एक मावशी राहतात. आता ७८ वर्षांच्या आहेत. मंडळीला स्वतःची जागा नव्हती, एका सभासदाच्या चाळीतल्या खोलीत उपासना भरायची, तेव्हापासूनच्या. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड त्यांच्याकडे असतं. कडेला क्रोशाची वेल आहे, ती त्यांनी स्वतः विणलेली. महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि नाताळला ते कापड त्यांच्या घरून धुऊन, खळ घालून, इस्त्री होऊन येतं आणि उपासना झाली की परत जातं. फोन बटणांचा. व्हॉट्सअ‍ॅप नाही, ग्रुपमध्ये नाव नाही.

त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला मावशी रिक्षाने आल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कापड हातात. दारावर आमच्याच तरुण संघातला मुलगा यादी घेऊन उभा. त्याने यादी बघितली, नाव नाही. वय विचारलं. मग अगदी अदबीने म्हणाला, ‘आजी, तुम्हाला आत सोडता येणार नाही, कापड मी देतो आत.’ त्याची चूक नव्हती, यादी माझी होती. कापड आत आलं, मावशी बाहेरून परत गेल्या. मला हे कळलं रात्री, मेज आवरताना. ‘मावशी कुठे आहेत?’ असं मीच विचारलं तेव्हा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ४ एप्रिलला पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) झाला, त्याच दिवशी नवे निर्बंध जाहीर झाले, ५ तारखेच्या रात्रीपासून दारं पुन्हा बंद. या ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला, उघडली. ९ तारखेला आम्ही आठ-दहा जणी झाडायला गेलो. सहा महिन्यांचा ठाण्याचा पाऊस बंद खोलीत मुरला होता. गीतांच्या पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटलेली, पेटीचा भाता उंदरांनी कुरतडलेला, बाकांच्या पायांना पांढरी बुरशी. कपाटाच्या खालच्या खणात मावशींचं कापड निघालं. त्या नाताळनंतर ते न्यायला त्या आल्याच नव्हत्या आणि आमच्यापैकी कोणी पोचवलंही नव्हतं. घडीवर करडे ठिपके, एका कोपऱ्यात खिळ्याच्या गंजाचा डाग.

१० ऑक्टोबरच्या पहिल्या उपासनेला ३८ जण होते, गेल्या रविवारी ५२. मावशी एकदाही आलेल्या नाहीत. फोन केला तर म्हणतात, ‘गुडघे दुखतात गं.’

तर माझे प्रश्न. यादी फॉर्मवर करायची नाही एवढं ठरवलंय, मग कशी? दुसरं, यूट्यूबवरची उपासना आता चालू ठेवावी का? कमिटीतले काही जण म्हणतात, ती चालू आहे तोवर लोक घरून हलणार नाहीत. आणि तिसरं, जे येऊच शकत नाहीत त्यांच्या प्रभुभोजनाचं काय? टाळेबंदीत काही घरांनी फोनसमोर पाव आणि द्राक्षरस ठेवून घेतलं, काहींना ते पटलं नाही, त्यांनी दीड वर्ष घेतलंच नाही.

---

नेरुळची वसईकर
२ डिसेंबर २०२१

ताई, मी कॅथलिक आहे, माहेर वसईचं, त्यामुळे आमची रीत थोडी वेगळी. तरी अनुभव सांगते, त्यातलं घेण्यासारखं वाटेल ते घ्या.

आमच्या पॅरिशमध्ये यादी चर्चच्या ऑफिसने केलीच नाही. वस्तीनुसार लघु ख्रिस्ती समूह आहेत, वीस-पंचवीस घरांचा एक. प्रत्येक समूहाला एक मिस्सा, म्हणजे आमची उपासना, ठरवून दिली आणि समूहातल्या बाईने घरोघर कुपनं वाटली. कोण आजारी आहे, कोणाची सून बाळंत झाली, कोणाकडे फोन नाही हे त्या बाईला पाठ असतं. ऑफिसातल्या यादीला ते कधीच कळत नाही. गेल्या वर्षी आमच्या सेक्टरमधल्या १९ घरांत मी स्वतः गेले. एका घरी कुपन नकोच होतं, त्यांना फक्त कोणीतरी यायला हवं होतं. पाऊण तास बसले.

दुसरं. आमचे फादर गेल्या वर्षी आगमनकाळात एक गोष्ट सारखी सांगायचे: नाताळ एका रात्रीचा सण नाही. आमच्याकडे पंचांगाप्रमाणे नाताळचं अष्टक असतं, २५ पासून १ जानेवारीपर्यंत, आणि पुढे तीन राजांच्या सणानंतर येणाऱ्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत हा काळ चालतो. मग सगळ्यांनी २४ च्या रात्रीच का यायचं? ज्यांना त्या रात्री जागा मिळाली नाही त्यांना २६ ला, २७ ला बोलावलं. गायनही तेच, गव्हाणीही तीच. माझी सासू २८ तारखेच्या सकाळच्या मिस्साला गेली. आत तीस माणसं. नवी साडी नेसून गेली होती. आल्यावर म्हणाली, आज बाळ नीट बघायला मिळालं, एरवी गर्दीत दिसतच नाही.

तुमच्या पंथात अष्टक पाळत नसतील, पण २६ ला रविवारच आहे यंदा. २५ शनिवार, २६ रविवार. हे दोन दिवस लागून आलेत त्याचा उपयोग करा.

मावशींबद्दल वाचून गलबलून आलं. फोनवर बोलू नका. जा.

---

ऐरोलीची निवृत्त सिस्टर
५ डिसेंबर २०२१

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयात नर्सची नोकरी केली आणि ऐरोलीच्या मराठी मंडळीत आहे. इथे कोणी घाबरून जावं म्हणून लिहीत नाही, पण काल डोंबिवलीत ओमायक्रॉनचा, करोनाच्या नव्या प्रकाराचा, राज्यातला पहिला रुग्ण सापडल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. आपल्या जिल्ह्यातच आहे ते. तेव्हा तयारी जरा सावधपणे करा.

चर्चमध्ये सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे गाणं. हँडवॉश आणि बाकं पुसणं यावर आपण फार वेळ घालवतो आणि बंद खोलीत तासभर मोठ्याने गातो. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट नावाच्या भागात एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण होते. त्यातल्या पन्नासहून जास्त जणांना लागण झाली, दोघं दगावले. कोणी कोणाशी हस्तांदोलन केलं नव्हतं, दारात सॅनिटायझरही होतं. श्वासातून गेलं ते. हे मी आमच्या कमिटीपुढे सांगितलं तेव्हा गायकवृंद माझ्यावर नाराज झाला, आणि त्यांची नाराजी मला समजते, कारण गाण्याशिवाय नाताळ मलाही सोसत नाही.

आम्ही असं केलं. सगळ्या खिडक्या उघड्या, पडदे काढून ठेवले, दोन्ही दारं सताड उघडी. रस्त्याचा आवाज येतो, येऊ दे. उपासना ४५ मिनिटांत. उपदेश बारा मिनिटांचा, त्याबद्दल आमच्या पाळकसाहेबांचे आभार. गीतं तीन, प्रत्येकाची दोन कडवी, मास्क लावून आणि हळू. पुढे उभं राहून गाणारे चारच. दोन उपासनांमध्ये किमान तासभर जागा मोकळी ठेवायची, पंखे चालू ठेवून.

दानाच्या पिशव्या बाकावरून फिरवायच्या नाहीत, दारात पेटी ठेवा. प्रभुभोजनाला एकच प्याला नको. आमच्या जुन्या काचेच्या छोट्या कपांचा संच माळ्यावर होता, तो उकळून घेतला. कप आधीच भरून मेजावर लांब लांब मांडतो, एकेकाने यायचं, उचलायचं, जागेवर जायचं. ट्रे हातोहात फिरवत नाही.

वयस्करांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. ६० च्या वरच्यांना सरसकट घरी बसवणं गेल्या वर्षी ठीक होतं, तेव्हा लस नव्हती. या वर्षी १ मार्चपासून त्यांना लस मिळते आहे, बहुतेकांचे दोन डोस कधीच झालेत. एकट्याने घरात बसून त्यांचं जे होतं तेही मी पाहिलंय: जेवण सुटतं, चालणं सुटतं, औषधाच्या वेळा चुकतात. दोन डोस झालेले असतील, तब्येत बरी असेल, तर सकाळच्या पहिल्या, कमी गर्दीच्या उपासनेला त्यांना खिडकीजवळ बसवा.

---

लाईव्ह करणारा मुलगा
५ डिसेंबर २०२१

मी दिव्याला राहतो. आमच्या मंडळीचं यूट्यूब एप्रिल २०२० पासून मीच बघतो, सुरुवात १२ एप्रिलच्या पुनरुत्थानाच्या उपासनेपासून, घरातल्या फोनवर.

ताई, लाईव्ह बंद करू नका असंच मी सांगणार, पण त्याचं कारण आकडे नाहीत. आकड्यांनी आम्ही फसलो होतो. पहिल्या महिन्यात २०० च्या वर व्ह्यू यायचे, सगळे खूश. नंतर मी आत जाऊन बघितलं तर माणसं सरासरी अकरा मिनिटं थांबत होती. म्हणजे पहिलं गीत, प्रार्थना, शास्त्रवाचन, आणि उपदेश सुरू झाला की बंद. पाळकसाहेबांना हे सांगायला मला दोन आठवडे लागले. ऐकून ते गप्प बसले. पुढच्या रविवारी त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून घरी बसलेल्यांची नावं घेतली: ‘बदलापूरचे काका, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन बुधवारी आहे, आपण त्यासाठी प्रार्थना करू.’ त्या दिवसापासून काका शेवटपर्यंत बघतात आणि आशीर्वचन झालं की मला फोन करतात.

घरी बसलेला माणूस प्रेक्षक झाला की तो सुटला. त्याला नावाने हाक मारा.

आवाजाकडे लक्ष द्या. लोक चित्र हलतंय ते चालवून घेतात, आवाज घुमला की बंद करतात. फोन मागे तिवईवर आणि आवाज फोनच्याच माईकने, असं करू नका, साउंडवाल्याकडून मिक्सरची एक वायर थेट फोनला जोडून घ्या.

आणि बटणांच्या फोनवाल्यांसाठी: साधा कॉन्फरन्स कॉल. एका फोनवरून आम्ही पाच जणांना घेतो. दोन फोन, दहा आज्या. फोन पुढच्या स्पीकरपाशी ठेवतो. रेंज जाते, मध्येच कोणाच्या कुकरची शिट्टी ऐकू येते, पण त्यांना चालतं. लोकल बंद होती तेव्हा अंबरनाथपर्यंतची आमची माणसं अशीच जोडलेली राहिली. १५ ऑगस्टपासून दोन डोसवाल्यांना लोकलची मुभा मिळाली तेव्हा त्यातल्या तिघी पहिल्यांदा पाळकांना भेटायला आल्या आणि म्हणाल्या, तुमचा आवाज फोनवर जाड येतो.

---

कोपरीचा जुना सभासद
७ डिसेंबर २०२१

वरची उत्तरं वाचली. सगळ्यांचा हेतू चांगला आहे. मी मात्र स्पष्ट लिहितो. ऑनलाइन बंद करा.

माझे आजोबा नगर जिल्ह्यातून ठाण्याला आले. रविवारी आठ मैल चालून उपासनेला जाणारी माणसं होती ती. मंडळी म्हणजे जमलेली माणसं, दुसरा अर्थ नाही. बायबलमधलं इब्री लोकांस पत्र, दहावा अध्याय, पंचविसावं वचन काढून वाचा, एकत्र जमणं सोडू नका असंच त्यात आहे. आमच्याकडे आता चांगली धडधाकट चाळिशीची माणसं मॉलमध्ये जातात, लग्नाला जातात, आणि रविवारी गादीवर लोळत फोन उशाला टेकवून उपासना बघतात. चहा पिता पिता प्रभुभोजन. हे मला पाहवत नाही.

माझ्या या बोलण्याला कारण आहे. २७ एप्रिलला माझी पत्नी गेली. अंत्यविधीला २० जणांची मुभा होती. दफनभूमीत आम्ही सात होतो. पाळकसाहेब स्वतः आजारी, त्यांनी फोनवरून प्रार्थना केली, माझ्या मुलाने फोन धरला होता. माती टाकताना गीत म्हणायला कोणी नव्हतं. बेचाळीस वर्षं ती महिला मंडळात गायली. मी एकट्याने म्हणायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला आवाज फुटेना. त्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘भावपूर्ण’ म्हणून दीडशे निरोप आले होते. मी ते अजून उघडलेले नाहीत.

माणूस लागतो शेजारी. आवाज लागतो. एवढंच म्हणायचं आहे.

---

कळव्याची चिटणीस
८ डिसेंबर २०२१

काका, तुमचं लिहिणं मी काल रात्री दोनदा वाचलं. आज सकाळी आमच्या महिला मंडळाच्या प्रार्थनेत तुमच्या पत्नीसाठी आणि तुमच्यासाठी प्रार्थना केली. नाव माहीत नव्हतं, ‘कोपरीच्या ताई’ म्हणालो. आणि गीत म्हटलं, सहा जणींनी.

धडधाकट माणसांबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे, त्यांना मी फोन करून बोलावणार आहे. पण मार्कच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायातली पक्षघाती माणसाची गोष्ट आठवते ना? त्याला चौघांनी खाटेवरून येशूकडे उचलून आणलं, गर्दीमुळे दारातून वाट नव्हती तर छप्पर उकललं. तो स्वतः चालत आला नाही म्हणून त्याला कोणी बोल लावला नाही. चौघांना कोणी विचारलं नाही की हा दारातून का येत नाही. माझी काळजी त्या खाटेवरच्यांची आहे. लाईव्ह आणि कॉन्फरन्स कॉल त्यांच्यासाठी ठेवायचे असं आज कमिटीत बोलले. पाळकसाहेब हो म्हणाले. एक सभासद अजून नाही म्हणतात.

यादीचं असं ठरलंय: वस्तीवार पाच जणी. कळवा-खारेगाव, विटावा, मुंब्रा-दिवा, दिघा-ऐरोली, ठाणे. प्रत्येकीने आपल्या भागातल्या घरी जायचं, निदान फोनवर बोलायचं. ज्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप नाही आणि जे एकटे राहतात त्यांना आधी विचारायचं, कुठली उपासना सोयीची. उरलेल्या जागा मग बाकीच्यांना. मुंब्रा-दिवा माझ्याकडे घेतलंय.

---

कोपरीचा जुना सभासद
८ डिसेंबर २०२१

नाव न घेता म्हटलंत तरी पोचलं. ऑनलाइनबद्दलचं मत मी बदलत नाही. खाटेचं मात्र बरोबर आहे. माझी गाडी आहे, चार माणसं बसतात. आमच्याच मंडळीत दोन घरं आहेत चरई भागात, जिना उतरता येत नाही म्हणून न येणारी. विचारतो त्यांना.

---

कळव्याची चिटणीस
३ जानेवारी २०२२

सर्वांना नवीन वर्षाचा सलाम. काय काय झालं ते सांगायचं राहिलं होतं, आज बसून लिहितेय.

उपासना पाच केल्या. २४ ला संध्याकाळी ६, २५ ला सकाळी ८ आणि साडेदहा, २६ ला ९, आणि ३१ ला वर्षअखेरीची. ती एरवी रात्री साडेदहाला सुरू होते आणि बाराच्या ठोक्याला आम्ही गुडघ्यांवर असतो. २४ ला आदेश निघाला की रात्री ९ ते सकाळी ६ पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही, म्हणून ३१ ची उपासना साडेसहाला घेतली. बाराला ज्याने त्याने घरी गुडघे टेकले. आमच्या बिल्डिंगमध्ये फटाके वाजत होते, मी आणि माझी मुलगी गॅलरीचं दार लावून बसलो.

सिस्टर, तुमचं जवळजवळ सगळं पाळलं. पडदे काढले, गीतांची दोन कडवी. पेटीचा भाता ठाण्यात दुरुस्त करून मिळाला, वरच्या सप्तकातले दोन सूर अजून नीट बोलत नाहीत. वाजवणारे काका ते टाळून वाजवतात.

सगळं सुरळीत झालं असं नाही. २५ च्या साडेदहाला ७० ऐवजी ८३ जण आले. पाहुणे आले होते, नाव न देता. तेरा जणांना दाराबाहेर उन्हात खुर्च्या दिल्या. ऐरोलीहून आलेलं एक कुटुंब रागावून निघून गेलं, त्यांच्याकडे मी या आठवड्यात जाणार आहे. २४ ला यूट्यूबचा आवाज बारा मिनिटं गेला. वायर सैल झाली होती, शास्त्रवाचन कोणालाच ऐकू गेलं नाही. नेरुळच्या ताई, २६ तारखेबद्दल तुम्ही म्हणालात तेच झालं. त्या दिवशी ४४ जण आले, बहुतेक साठीच्या पुढचे, आणि कोणालाही घाई नव्हती. मुलांचा नाताळचा छोटा कार्यक्रम त्यांच्यासाठी पुन्हा केला. मेंढपाळ झालेल्या मुलाने आदल्या दिवशी विसरलेलं वाक्य त्या दिवशी बरोबर म्हटलं.

आता मावशी.

मी ११ डिसेंबरला मुंब्र्याला गेले. कापड पिशवीत घेतलं होतं. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली, जिन्याला कठडा एकाच बाजूला. त्यांनी चहा केला. मी कापड काढून समोर ठेवलं. त्यांनी उलगडलं, करड्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग घडी केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘मला बोलवायला आलीस, की कापड धुवून घ्यायला?’

मी म्हटलं, ‘बोलवायला. आणि माफी मागायला. यादी मी केली होती, तुमचं नाव मी घातलं नव्हतं.’

त्या काही बोलल्या नाहीत. कप उचलून मोरीत नेले. मी निघताना म्हणाल्या, ‘लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवते. गंजाचा जाईल असं नाही.’

२४ ला त्या कॉन्फरन्स कॉलवर होत्या. फोन मी माईकजवळच धरला होता. दुसऱ्या गीताला त्या गायला लागल्या. कॉलमुळे आवाज मागे पडतो, सगळ्यांची ओळ संपली की मावशींची अर्धी ओळ तेवढी एकटी ऐकू यायची. पेटीवाल्या काकांनी ते ऐकलं आणि प्रत्येक ओळीनंतर थांबायला लागले, त्यांची ओळ पुरी होईपर्यंत. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

२५ ला सकाळी शेजारच्या मुलाबरोबर कापड आलं. धुतलेलं, खळ घातलेलं, वर्तमानपत्रात. मावशी आल्या नाहीत. दुपारी पाळकसाहेब आणि मी गेलो, प्रभुभोजनाचा छोटा डबा घेऊन. त्यांनी स्टूलावर स्वच्छ टॉवेल अंथरून ठेवला होता. शेजारच्या दोन बायका दारात उभ्या राहिल्या, प्रार्थना होईपर्यंत डोक्यावर पदर घेऊन. मावशींनी दीड वर्षाने प्रभुभोजन घेतलं. आम्ही आणखी चार घरी गेलो, शेवटच्या घरातून निघालो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. प्रभुभोजनाच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला तरी असं मिळालं आहे: पाळक आणि एक सभासद घरी जातील, महिन्यातून एकदा, मग नाताळ असो नसो.

काल, २ तारखेला, महिन्याचा पहिला रविवार. पावणेआठला आमच्या खजिनदारांनी गाडीतून तिघांना आणलं. मावशी मधल्या सीटवर होत्या. दारावर गेल्या वर्षीचाच मुलगा उभा होता, मी मुद्दाम त्यालाच ठेवलं होतं. त्याने यादी बघितली नाही, काठी धरली आणि त्यांना तिसऱ्या बाकावर खिडकीपाशी नेऊन बसवलं. उपासनेआधी त्या पुन्हा उठल्या, मेजापर्यंत आल्या आणि कापडाची एक बाजू खाली ओघळली होती ती सारखी केली. करडे ठिपके गेलेत. गंजाचा डाग अजून आहे, तो कोपरा त्यांनी पाळकांच्या बाजूला वळवून ठेवला, म्हणजे लोकांना दिसत नाही.

केसेस रोज वाढताहेत, आजपासून १५ ते १८ च्या मुलांना लस सुरू झाली, आमच्या तरुण संघातली सात मुलं सकाळीच जाऊन आली. १० तारखेपासून साठीच्या पुढच्या ज्यांना दुखणी आहेत त्यांना तिसरा डोस मिळणार आहे, त्यासाठी नावं घेतेय. पुढच्या रविवारी किती जणांना येता येईल सांगता येत नाही. लाईव्ह आणि दोन्ही फोन चालूच ठेवले आहेत.

उपासना संपल्यावर मावशींनी कापड काढलं, चौकोनी घडी केली, पिशवीत घातलं. म्हणाल्या, ‘सहा तारखेला आणते. फेब्रुवारीचा पहिला रविवार सहालाच आहे ना?’ मी कॅलेंडर बघून हो म्हटलं.